उभ्याचं तिकीट: जर्मनीत दुसऱ्या बुंडेसलिगेचा सामना बघायचा तर

दर ऑक्टोबरात एर्लांगेनला मराठी मुलामुलींची नवी तुकडी येते. कुणी विद्यापीठात मास्टर्स करायला, कुणी सीमेन्समध्ये नोकरीला. खोली, पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं, आरोग्यविमा या सगळ्यातून डोकं वर निघालं की दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाची बशी हातात धरून कुणीतरी विचारतंच, "ताई, बायर्न म्युनिकच्या मॅचचं तिकीट कसं मिळेल हो?"

गेली अकरा वर्षं माझं उत्तर एकच आहे. म्युनिक लांब आहे, तिकीट मिळणं अवघड आहे, ते होईल सावकाश. तुझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर न्यूर्नबर्ग आहे. तिथे पन्नास हजारांचं मैदान आहे आणि तिथला फुटबॉल क्लब २०१९ पासून जर्मनीच्या दुसऱ्या लिगेत खेळतोय. या शनिवारी चल माझ्याबरोबर.

"दुसऱ्या" हा शब्द ऐकला की चेहरे उतरतात. खालच्या स्पर्धेला कोण जातं, असं मनात येतं. मी कोल्हापूरची, मला हा प्रश्न कधी पडला नाही. शाहू स्टेडियमवर खंडोबा आणि पाटाकडील या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शहरातली निम्मी दुकानं लवकर बंद व्हायची. ती स्पर्धा देशात कितव्या पायरीवर आहे, हे आमच्या पेठेत कुणी कधी विचारलं नाही. आपली तालीम खेळतेय एवढं पुरे होतं. ती ईर्षा, तो आवाज, सामना संपल्यावर चौकात रात्रभर चालणारी चर्चा मला इथे परत सापडली, आणि सापडली ती दुसऱ्या लिगेत. म्हणून हे सविस्तर लिहिते, म्हणजे दरवर्षी प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

आधी एवढं समजून घ्या

जर्मन लोक हिला नुसतं "त्स्वायटे लिगा" म्हणतात, म्हणजे दुसरी लीग. १९७४ मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत ती सुरू झाली, १९८१ पासून एक झाली. पुनर्एकीकरणानंतर १९९१-९२ चा एक मोसम परत दोन गटांत झाला, बस. १८ क्लब, प्रत्येकाचे ३४ सामने, उन्हाळ्याच्या शेवटापासून मेपर्यंत, मध्ये थंडीची सुट्टी. पहिले दोन थेट वर जातात, शेवटचे दोन थेट तिसऱ्या लिगेत. तिसरा आलेला क्लब पहिल्या बुंडेसलिगेतल्या सोळाव्याशी दोन सामने खेळतो, एक आपल्या घरी, एक त्यांच्या. याला "रेलेगाट्सिओन" म्हणतात. खालीही तसंच: इथला सोळावा आणि तिसऱ्या लिगेतला तिसरा.

या शब्दाची धास्ती कळायची असेल तर २०२४ आठवा. फोर्टुना ड्युसेलडॉर्फने बोखुमला त्यांच्याच मैदानावर ३-० ने हरवलं. वर जाणार म्हणून अख्खं ड्युसेलडॉर्फ तयारीत. चार दिवसांनी बोखुमने तेच ३-० ड्युसेलडॉर्फमध्ये येऊन फेडलं आणि पेनल्टींवर ६-५ ने जिंकून पहिल्या लिगेत राहिले. माझा ड्युसेलडॉर्फचा सहकारी त्यानंतर आठवडाभर कँटीनमध्ये एकटा बसून जेवत होता आणि आम्ही कुणी त्याला काही बोललो नाही.

आणि हे क्लब लहान नाहीत. हँबुर्ग २०१८ ते २०२५ अशी सात वर्षं इथेच अडकून होता. शाल्के, हेर्था बर्लिन, कायझर्सलाउटर्न, हॅनोव्हर ही सगळी मोठी घराणी अलीकडच्या मोसमांत इथे आहेत. त्यांच्याच शेजारी सारलँडमधल्या एल्व्हर्सबेर्गसारखं जेमतेम १३ हजार वस्तीचं गाव. मैदानावर सरासरी २८ ते ३० हजार माणसं येतात. युरोपातल्या कितीतरी देशांच्या पहिल्या लिगांना एवढी गर्दी मिळत नाही.

कुठला क्लब धरायचा

जवळचा. दुसरं उत्तर नाही. जर्सीचा रंग, टीव्हीवर बघितलेला खेळाडू, ऑनलाइन गेमवरची ओळख, हे सगळं बाजूला ठेवा. घरापासून लोकल ट्रेनने तासाभरात पोचता येईल असा क्लब निवडा, कारण नोव्हेंबरातल्या ओल्या रविवारी लांबच्या क्लबासाठी तुम्ही उठणार नाही. कार्ल्सरूह, ब्राउनश्वाइग, हॅनोव्हर, डार्मश्टाट, ड्युसेलडॉर्फ, बर्लिन, जिथे जिथे आपली मराठी माणसं शिकायला आणि नोकरीला आहेत, तिथे हाकेच्या अंतरावर असा एखादा क्लब निघतो. दर मे महिन्यात वर-खाली होतं, तेवढं बघून घ्या.

आमच्या भागात मात्र निवड करावी लागते, आणि ती विचारपूर्वक करा. एर्लांगेनहून न्यूर्नबर्गला जाताना रेल्वे फ्युर्टमधून जाते. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली रेल्वे १८३५ मध्ये न्यूर्नबर्ग आणि फ्युर्ट याच दोन गावांच्या मध्ये धावली. दोन गावं आता एकमेकांना चिकटलीत, भुयारी रेल्वे एकच आहे, पण फुटबॉलमध्ये शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ. १९२४ मध्ये जर्मनीचा राष्ट्रीय संघ फक्त या दोन क्लबांच्या खेळाडूंचा होता. ॲमस्टरडॅमला हॉलंडविरुद्ध खेळायला गेले ते एकाच गाडीतून, पण वेगवेगळ्या डब्यांत बसून. एकमेव गोल फ्युर्टच्या खेळाडूने केला, तर न्यूर्नबर्गवाल्यांनी त्याचं अभिनंदन केलं नाही. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग खरी पेठ हाय ती."

फ्युर्टचं रोनहोफ मैदान छोटं आहे, सोळा-सतरा हजारांचं, हिरव्या तिपानाच्या चिन्हाचं. हेन्री किसिंजर फ्युर्टमध्ये जन्मले आणि नाझींमुळे लहानपणी देश सोडावा लागला, तरी शेवटपर्यंत या क्लबाचे निकाल विचारत राहिले. सुंदर क्लब आहे. पण मी न्यूर्नबर्गची, त्यामुळे पुढचं सगळं लाल-काळ्या रंगात वाचा.

स्थानिक बोलीत या क्लबाला "ग्लुब" म्हणतात, नाव घ्यायची गरजच नाही, क्लब म्हणजे हाच. नऊ वेळा जर्मनीचा विजेता, १९८७ पर्यंत सगळ्यांत जास्त विजेतेपदं यांचीच होती. आणि नऊ वेळा बुंडेसलिगेतून खाली. १९६८ ला विजेता, १९६९ ला गतविजेता असताना खाली! २००७ ला जर्मन कप जिंकला आणि लगेच पुढच्या मोसमात परत खाली. इथले म्हातारे "आमचा ग्लुब येडा आहे" असं म्हणतात, पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं.

तिकीट

फक्त क्लबाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. बाकी कुठूनही नाही. पहिल्या वर्षी मी घाईत एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून दोन तिकिटं घेतली, एकेक जवळजवळ चौपट भावाने, आणि दाराशी त्यातलं एक चालेना. ते पैसे परत मिळाले नाहीत. क्लबाच्या साइटवरच तिकीट परत विकण्याची अधिकृत सोय असते, ज्यांना येता येत नाही ते मूळ किमतीच्या आसपास विकतात. सामना "संपूर्ण विकला" असं दिसलं तरी शेवटच्या दोन दिवसांत तिथे रोज डोकावा.

तारखा एकदम पक्क्या होत नाहीत. आधी फक्त कुठल्या आठवड्याअखेर सामना आहे ते कळतं, नेमका वार आणि वेळ काही आठवडे आधी जाहीर होते. वेळा ठरलेल्या: शुक्रवारी १८:३०, शनिवारी १३:०० आणि रात्री २०:३०, रविवारी १३:३०. बाहेरगावाहून येणार असाल तर वेळ जाहीर व्हायच्या आत गाडीचं परतीचं तिकीट काढू नका.

विक्री आधी सभासदांना, मग सगळ्यांना. मोसमात चार-पाच सामने बघायचे असतील तर सभासद व्हा. त्यात नुसता सवलतीचा हिशोब नाही. जर्मनीत ५०+१ नावाचा नियम आहे: संघ चालवणाऱ्या कंपनीत मतांचं बहुमत मूळ क्लबाकडे, म्हणजे सभासदांकडे असायला हवं. सभासद झालात की वार्षिक सभेत तुम्ही हात वर करून मत देता. मी दिलंय. पासपोर्ट भारतीय, कर इथे भरते, पण निवडणुकीत मला मत नाही, आणि ग्लुबच्या सभेत मात्र आहे. पहिल्यांदा मत देताना मला जे वाटलं ते मी अजून विसरले नाही.

या हक्काची लोकांना किती किंमत आहे ते २०२४ च्या सुरुवातीला दिसलं. लीगच्या प्रसारणाच्या व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा घाट घातला गेला होता. डिसेंबरात ठिकठिकाणी प्रेक्षकांनी पहिली बारा मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही. मग आठवडेच्या आठवडे टेनिसचे चेंडू मैदानात पडायला लागले, सामने थांबायला लागले. फेब्रुवारीत लीगने तो विचार सोडून दिला. बारा मिनिटं हजारो माणसं गप्प उभी आहेत आणि तुम्हाला फक्त खेळाडूंची एकमेकांना मारलेली हाक आणि चेंडूचा धप्प आवाज ऐकू येतोय, ही शांतता मी आयुष्यात दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

तिकिटांत दोन जाती: बसायचं आणि उभ्याचं. उभ्याचं घ्या. साधारण पंधरा-वीस युरोंत मिळतं, बसायचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. न्यूर्नबर्गच्या मैदानाला धावपट्टी आहे, त्यामुळे खालच्या ओळींतल्या खुर्चीवरून पलीकडचा गोल नीट दिसत नाही. खुर्चीच हवी असेल तर वरच्या ओळी घ्या. लहान मूल बरोबर असेल तर कुटुंबांसाठीचा वेगळा विभाग असतो, तो घ्या. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिथेच बसायचो. कानांवर लावायचे मोठे हेडफोनसारखे कानबंद मिळतात, ते तिच्या कानांवर असायचे. आवाज खरंच मोठा असतो. एक गोष्ट विसरू नका, तिकिटावर विभागाचं नाव वाचा. "गास्ट" असं काही लिहिलं असेल तर तो पाहुण्यांचा विभाग. दर सामन्याला दहा टक्के जागा पाहुण्या क्लबाच्या लोकांसाठी ठेवतात. तिथे यजमानांची शाल गळ्यात घालून उभं राहणं चुकीचं आणि धोक्याचंही.

जाताना

न्यूर्नबर्ग हाउप्टबानहोफवरून, म्हणजे मुख्य स्टेशनवरून, एस-२ ही लोकल पकडा, फ्रांकनश्टाडिओन नावाच्या थांब्यावर उतरा, पुढे गर्दीच्या मागे चला. कुणाला विचारावं लागत नाही. बऱ्याच क्लबांच्या तिकिटात त्या दिवसाचा लोकलचा प्रवासही धरलेला असतो. तुमच्या तिकिटावर तसं लिहिलंय का, ते बघा.

पाठीवरची सॅक घरी ठेवा. बहुतेक मैदानांवर ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. शुक्रवारच्या एका सामन्याला मी परगावी ऑफिसातूनच गेले होते, पाठीवर लॅपटॉप. दारातून परत पाठवलं. स्टेशनवर जाऊन लॉकरमध्ये सॅक ठेवून परत येईपर्यंत पहिला अर्धा तास आणि आमचा एकुलता एक गोल गेला. खिशात तिकीट, ओळखपत्र, थोडी रोकड, कार्ड आणि फोन. बाटली नको, छत्री नको.

दोन तास आधी पोचलात तर मैदानाच्या शेजारी पायी फिरा. ही जागा साधी नाही. मैदान १९२८ चं. पुढे नाझींनी या सगळ्या परिसराला आपल्या पक्षाच्या मेळाव्यांचं मैदान केलं. झेपेलिन मैदानाचा तो दगडी सज्जा अजून तिथे आहे, चालत दहा मिनिटं. तिथे पाच मिनिटं उभं राहून मग सामन्याला जा.

हे मी मुद्दाम सांगते, कारण नवी मुलं दुसरा एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात: "आपल्याला तिथे कुणी काही बोलत नाही ना?" म्हणून ही गोष्ट माहीत असू द्या. १९३० पासून येनो कोनराड हा ज्यू प्रशिक्षक ग्लुबकडे होता. १९३२ मध्ये संघ बायर्नकडून हरला आणि इथल्या नाझी वर्तमानपत्राने त्याच्यावर गरळ ओकली. तो कुटुंबाला घेऊन निघून गेला. ऐंशी वर्षांनी, २०१२ मध्ये, मैदानाच्या उत्तर बाजूला उभं राहणाऱ्या पोरांनी बायर्नविरुद्धच्याच सामन्यात प्रेक्षकांच्या अख्ख्या उतारावर त्याचा चेहरा उभा केला. क्लबाने मग त्याला मरणोत्तर मानद सभासद केलं. हे पोरांनी स्वतः शोधून, स्वतः पैसे जमवून, स्वतः रंगवून केलं. आता माझा अनुभव: अकरा वर्षांत एकदा परतीच्या गाडीत एक प्यायलेला माणूस मला उद्देशून घाण बोलला. मी तोंड उघडायच्या आत समोर बसलेल्या, लाल-काळी शाल घातलेल्या आजींनी त्याला असं काही सुनावलं की तो पुढच्या थांब्यावर उतरला. एकट्या बाईने जायला हरकत नाही, मी जाते. फक्त फ्युर्टविरुद्धचा सामना असेल तर पहिल्या वर्षी सोबत घेऊन जा आणि सामन्यानंतर अर्धा तास थांबून मग गाडी धरा. पोलिसांचे घोडे बघून घाबरू नका.

कठड्यापाशी

उभ्याच्या विभागात जागेला नंबर नसतो. लवकर गेलात तर छातीइतका उंच लोखंडी कठडा पुढे येईल अशी जागा धरा, हात टेकायला आधार होतो आणि मागून रेटा आला तरी तोल जात नाही. अगदी मधल्या, ढोलांजवळच्या जागेत पहिल्याच दिवशी घुसू नका. ती मंडळी दर सामन्याला येतात, नव्वद मिनिटं मैदानाकडे पाठ करून भोंग्यावर ओरडणारा त्यांचा म्होरक्या असतो, आणि तिथे उभं राहिलात तर गाणं, टाळ्या, उड्या सगळं करावं लागतं. मधे फोन काढून त्यांचं चित्रीकरण करू नका. त्यांना ते अजिबात आवडत नाही, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहे. बाजूच्या कडेला उभं राहा, तिथेही पुरेसं भिजायला होतं.

गाणी यायला हवीत असं नाही. दोन गोष्टी शिकून जा. संघ जाहीर होतो तेव्हा ध्वनिक्षेपकावरचा माणूस खेळाडूचं फक्त पहिलं नाव घेतो, आडनाव आपण ओरडायचं. मोठ्या पडद्यावर दिसतं, वाचून ओरडा. आणि आपला गोल झाला की तो गुणफलक विचारतो. आपल्या क्लबाचं नाव घेतो, आपण आकडा ओरडायचा. समोरच्याचं नाव घेतो, आपण "नुल", म्हणजे शून्य, ओरडायचं, त्यांचे कितीही असोत. तो म्हणतो "डांके", आपण म्हणायचं "बिट्टे". थँक्यू आणि वेलकम. जर्मनच्या वर्गात ए-१ ला शिकलेले दोन शब्द तीस हजार लोकांबरोबर म्हणून बघा. माझ्या ओळखीच्या एका पुण्याच्या मुलाला सहा महिने झाले तरी दुकानात जर्मन बोलायची भीड वाटायची. ती भीड या "बिट्टे"ने मोडली, असं तो स्वतः सांगतो.

भाषेवरून आठवलं: "किकर" नावाचं खेळाचं नियतकालिक न्यूर्नबर्गमधूनच निघतं. सोमवारचा अंक घ्या, आपण जो सामना बघितलाय त्याचं वर्णन वाचा. काय घडलं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे शब्दांचे अर्थ आपोआप लागतात. माझं जर्मन असंच सुधारलं.

थंडीचं मनावर घ्या. नोव्हेंबर ते मार्च काँक्रीटवर दोन तास उभं राहिलं की थंडी तळपायातून वर चढते. दोन मोजे घाला, आणि वर्तमानपत्राची जाड घडी किंवा खोक्याचा पुठ्ठा पायाखाली घ्या. शेजारच्या एका काकांनी मला पहिल्या डिसेंबरात आपला अर्धा पुठ्ठा फाडून दिला होता. तेव्हापासून मीही जादा नेते, कुणीतरी नवं असतंच.

खायला: न्यूर्नबर्गची करंगळीएवढी सॉसेज, तीन एका पावात, इथल्या भाषेत "द्राय इम वेगला". वर मोहरीची चटणी. मांसाहार चालत असेल तर हेच खा. शाकाहारी असाल तर ब्रेझेल आणि बटाट्याच्या फ्राइज हमखास मिळतात. पेयाच्या पेल्याला अनामत रक्कम लागते, पेला परत केला की ती परत मिळते. अनेक ठिकाणी पेले एखाद्या सामाजिक कामासाठी गोळा करणारे उभे असतात, त्यांना दिलात तरी छान.

टीव्हीवर बघायची वेळ आली तर

एक सामना मी मैदानावर बघू शकले नाही, कुणालाच बघता आला नाही. ११ जुलै २०२०. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. ग्लुब सोळावा आलेला, आणि दुसऱ्या लिगेत राहायचं की तिसरीत जायचं याचा फैसला इंगोलश्टाटशी. घरचा सामना २-० ने जिंकलेला, म्हणून आम्ही निवांत होतो. तिथे साठ-पासष्ट मिनिटांत इंगोलश्टाट ३-० ने पुढे. एकूण ३-२, आम्ही तिसऱ्या लिगेत. नव्वद मिनिटं झाली. मी लॅपटॉप बंद करायला झाकणावर हात ठेवला होता. सहावं जादा मिनिट, चेंडू पेटीत पडला, पायापायांतून अडखळत फाबियान श्लॉयझनरकडे आला आणि त्याने तो आत ढकलला. एकूण ३-३. बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचे गोल तेव्हा जास्त धरत, त्यामुळे आम्ही वाचलो. मुलगी झोपली होती म्हणून मी तोंडावर उशी दाबून ओरडले. आणि मग उघड्या खिडकीतून आमच्या गल्लीतल्या तीन-चार घरांतून तसेच आवाज आले. त्या घरांत ग्लुबची माणसं राहतात हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला गेले तेव्हा समोरच्या घरातला माणूस पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

पाहुणे आले तर

भारतातून आईवडील आले की आपण त्यांना किल्ले, नद्या, चॉकलेटची दुकानं दाखवतो. बाबांना मी ग्लुब–शाल्के सामन्याला नेलं. सत्तरी ओलांडलेली, म्हणून खुर्चीचं तिकीट काढलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत ते उठून उभे राहिले आणि परत बसलेच नाहीत. मैदानाबद्दल सांगत होते मी: मॅक्स मोरलॉकचं नाव आहे, १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा पहिला गोल त्याचा. २००६ ला इथेच पोर्तुगाल–हॉलंड सामन्यात १६ पिवळी आणि ४ लाल कार्डं निघाली. बाकाजवळ उभा आहे तो क्लोझं, विश्वचषकांत १६ गोल केलेला, २०२४ पासून आपला प्रशिक्षक. बाबा मान डोलावत होते, पण लक्ष दुसरीकडे होतं. समोरचा निळा उतार आणि आमचा लाल उतार आळीपाळीने एकमेकांच्या क्लबाची नावं घेऊन गात होता. न्यूर्नबर्ग आणि शाल्केच्या लोकांची दोस्ती गेल्या चाळीसेक वर्षांची आहे, दोन्ही शालींचे तुकडे शिवून केलेली एकच शाल गळ्यात घालून लोक येतात.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "समोरच्या पेठेचं कौतुक करालेत व्हय हे?"

"होय बाबा."

"आणि सामना?"

"सामना खराच."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मध्यंतरात बाहेरच्या टपरीवर जाऊन, खुणांनी विचारून, ती अर्धी लाल अर्धी निळी शाल त्यांनी स्वतः विकत आणली. ती आता कोल्हापुरात आमच्या सोप्यात, तालमीच्या जुन्या फोटोखाली खिळ्याला टांगलेली आहे.

माझ्याकडे लाल-काळ्या दोन शाली आहेत, एक तुम्हाला देता येईल. शनिवारी दुपारी एकचा सामना असेल तर मी साडेदहाला एर्लांगेन स्टेशनच्या मुख्य दारापाशी असते. हातात पुठ्ठ्याचे दोन तुकडे असतील, तेवढ्यावरून ओळखा.